आठव्या दिवसाची फेरी

नातीनं परवा विचारलं, आजोबा, तुम्ही नोकरी कसली करत होता? मी म्हटलं, देवी काढायचो. ती म्हणाली, म्हणजे मूर्ती? मग मी बाही वर करून तिला दंडावरचे दोन वण दाखवले. तिच्या दंडावर तसलं काही नाही. देवीचा रोगच राहिला नाही तर टोचल्याचे वण कुठून असणार?

तिला सिनेमाचं फार वेड. सिनेमात डॉक्टर असतो, वकील असतो, फौजदार तर असतोच. हल्ली रिक्षावालासुद्धा नायक होतो. टोचणारा मात्र मी अजून पाहिला नाही. कधी दिसलाच तर शाळेच्या एखाद्या प्रसंगात दिसतो. तो पेटी घेऊन येतो, पोरं खिडक्यांतून उड्या मारून पळतात, थिएटरात हशा होतो आणि त्याचं काम संपतं. आमचं खरं कामही पुष्कळसं असंच होतं, हे मी कबूल करतो. आम्ही यायचो आणि पोरं पळायची. फक्त आम्हाला त्यांच्या मागं पळावं लागायचं, आणि तेही डोंगरात.

पन्नास-पंचावन्न सालच्या सुमारास माझी नेमणूक मुळशीत झाली. मुक्काम पौडला. नांदे, जांबे ही सपाटीवरची गावं एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडे होती. ते सायकलवरून जात आणि जेवायला घरी येत. मी नवा, शिवाय तरणा, म्हणून माझ्या वाट्याला पौडाच्या वरचा सगळा भाग आला. धरणापर्यंत कच्ची सडक, पुढं होडी, आणि होडीतून उतरलं की पाय. ताम्हिणीच्या बाजूला डोंगराच्या सोंडांवर पाच-सहा घरांच्या वाड्या आणि त्यांच्याही वर धनगरवाडे. एका वाडीतली दहा पोरं टोचायची म्हणजे माझा अख्खा दिवस जायचा.

ज्यांनी हे काम कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्याकडे एक लहान दांडी असे आणि तिच्या टोकाला दातेरी चकती. लोक तिला फिरकी म्हणत. स्पिरिटच्या दिव्यावर ती तापवायची, निववायची. केसासारख्या बारीक काचेच्या नळीत लस असे. तिचा थेंब दंडावर ठेवायचा आणि त्यावर फिरकी टेकवून पिळा द्यायचा. रक्त यायला नको, नुसतं खरवडलं पाहिजे. पोर रडत असतं, आई शिव्या देत असते, आजी कुणाला तरी हाका मारत असते, आणि त्यात हात हलू द्यायचा नाही. हा झाला कामाचा सोपा भाग.

अवघड भाग पुढं होता. लस ओली असायची आणि तिला उन्हाचं वावडं. पुण्याहून बर्फात घालून ती यायची, पण बर्फ पिरंगुटच्या पुढं टिकत नसे. पौडाला पोचेपर्यंत डब्यात पाणी. मग मी थर्मासात घालून, भोवती ओलं गोणपाट गुंडाळून ती डोंगरावर न्यायचो. लस मेली की जिवंत आहे हे बघून कळत नसे. टोचल्यावर आठव्या दिवशी परत जायचं आणि दंड बघायचा. तिथं टपोरा फोड आला असला तर लस धरली. नुसती खपली असली तर नाही धरली, पुन्हा टोचा. म्हणजे प्रत्येक वाडीला दोन फेऱ्या. पहिल्या फेरीला लोक नको म्हणत आणि दुसऱ्या फेरीला ओळखून आधीच पळत.

लोकांचं मन समजायला मला दोन वर्षं गेली. एका घरात तीन पोरं कणगीत लपवली होती; कोंड्यानं धाकट्याला शिंका आल्या म्हणून सापडली. एका गावच्या पैलवानानं सगळ्यांसमोर शर्ट काढून दंड पुढं केला आणि फिरकी नुसती पाहून तो खाली बसला, बसला तो आडवाच झाला. बाया इतक्या हसल्या की त्या दिवशी त्या गावात एकही माणूस टोचायचा राहिला नाही. मी त्या पैलवानाचा कायमचा ऋणी आहे. आणखी एक गोष्ट उशिरा कळली. माझी पाठ वळली की बाया टोचलेली जागा राखेनं खसाखसा पुसून काढत. तेव्हापासून मी टोचून झाल्यावर लगेच उठायचं सोडलं. चहा मागायचा, पिकापाण्याचं विचारायचं, लस वाळेपर्यंत हलायचं नाही. आमच्या खात्यात कुणी शिकवलेलं नव्हतं, पण माझ्या मते या कामाची खरी विद्या तेवढीच होती.

धरणाच्या काठच्या लोकांना सरकारी माणसाचा विटाळच होता म्हणा ना. त्यांची जुनी गावं पाण्याखाली होती. एक म्हातारा मला शांतपणे म्हणाला होता, "मागल्या टायमाला फीत घिऊन आले, तवा गाव गेलं. आता सुई घिऊन आलाय." मी त्याच्याकडं चहा मागितला. त्यानं दिला. पोरं मात्र दिली नाहीत.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

तलावाच्या पलीकडं, दोन तास चढून गेल्यावर एक धनगरवाडा होता. नऊ घरं. तिथला वडीलधारा माणूस कोंडिबा. उंच, वाळलेला, फार कमी बोलणारा. तरुणपणी त्याची पहिली बायको आणि दोन मुलगे देवीच्या साथीत एकाच पंधरवड्यात गेले होते. अशा माणसानं टोचून घ्यायला सगळ्यात आधी तयार व्हावं असं आपल्याला वाटतं. पण त्याचं म्हणणं वेगळं होतं. देवी येते आणि जाते, तिला आपण होऊन घरात कशाला बोलवायचं? तीन वर्षं मी वर जात होतो आणि तीन वर्षं तो मला ताक पाजून परत पाठवत होता.

चौथ्या वर्षी थंडीत तो तूप विकायला पौडाला आला आणि विचारत विचारत माझ्या घरी पोचला. दारातच उभा राहून म्हणाला, तुमच्या स्वतःच्या लेकराला टोचलंय का ते बघायचंय. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. बायकोनं तिला बाहेर आणलं. कोंडिबानं वाकून तिचा दंड पाहिला, वणावरून अंगठा फिरवला. मग मला म्हणाला, "चैतात या. समद्यांची पोरं वाड्यावर असत्यात तवा."

चैत्र हा लसीला वाईट महिना. थंडीत या, असं मी म्हणायला हवं होतं. पण तीन वर्षांनी होकार मिळाला होता, त्यात खोट काढायची मला हिंमत झाली नाही.

त्या चैत्रात लस चार दिवस उशिरा आली. पौडाला डबा उघडला तेव्हा आतलं पाणी कोमट होतं. नियमानं ती लस परत पाठवायची. परत पाठवली तर नवी यायला पंधरा-वीस दिवस, तोवर धनगर जनावरं घेऊन कुठं पांगतील याचा नेम नाही, आणि पुढच्या वर्षी कोंडिबाचं मन तसंच राहील याचाही नाही. मी नळ्या थर्मासात घातल्या आणि निघालो. वाटेत स्वतःला सांगत राहिलो की एखादी तरी जिवंत असेल.

वाड्यावर कोंडिबानं अकरा पोरं ओळीत बसवून ठेवली होती. कुणी पळालं नाही. सगळ्यांत पुढं त्याची नात ठकी, वय पाच-सहा. तिनं आपण होऊन बाही वर केली आणि टोचताना माझ्या तोंडाकडं बघत राहिली. रडली नाही. इतक्या वर्षांत इतकं सरळ काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. तिची आई, कोंडिबाची सून रखमा. तिनं सगळं झाल्यावर मला खरवस वाढला. उतरताना मला फार बरं वाटत होतं, आणि बरं वाटायचं काही कारण नाही हेही माहीत होतं.

आठव्या दिवशी मी गेलो नाही.

याला कारणं आहेत. त्या आठवड्यात मी रोज चालत होतो, टाचा फुटल्या होत्या, ऊन मी म्हणत होतं. पण खरं सांगायचं तर मला ते अकरा दंड बघायचे नव्हते. बघितले असते तर काय दिसलं असतं हे मला ठाऊक होतं. मग कोंडिबाला सांगावं लागलं असतं, आमच्या खात्याच्या साहेबांना लस परत न पाठवल्याचा जाब द्यावा लागला असता. दुपारी जेवून ओसरीवर बसलो, नोंदवही पुढं ओढली आणि अकरा नावांपुढं लिहिलं: धरली, धरली, धरली. माझं अक्षर चांगलं होतं. साहेब नेहमी कौतुक करायचे.

त्यानंतर महिनाभर काही झालं नाही. मग तलावाच्या काठच्या एका वाडीत साथ लागली. गिरणीत कामाला असलेला एक तरुण अंगात ताप घेऊन मुंबईहून घरी आला होता. तो गेला, मग त्याची बहीण पडली, मग शेजारची दोन घरं. बातमी मला कळेपर्यंत महिना उलटला होता. साथ असली की आमच्या कामाला धार येते. जे एरवी शिव्या देत तेच लोक पोरं कडेवर घेऊन रांगा लावतात. लसही साथीच्या ठिकाणी लवकर यायची. त्या वाडीत टोचत असताना एका म्हातारीच्या घरी गेलो. तिचा मुलगा देवीतून नुकताच उठला होता. मी तिला विचारलं, घरात आणखी कोण कोण आलं-गेलं? ती म्हणाली, लेक आली होती वरच्या धनगरवाड्यावरनं, भावाला बघायला. चार दिवस राहिली आणि गेली. मी विचारलं, बरोबर पोर होतं का?

"व्हय, ठकी हुती की. म्या म्हनलं पोरीला कशाला आनलीस. तर रखमा म्हनली, तिला टोचलंय, तिला आता कायबी हुईत न्हाई."

कधीची गोष्ट? म्हातारीनं बाजाराचे वार मोजून सांगितलं. पंधरा-सोळा दिवस झाले होते. देवीचा ताप बारा-चौदा दिवसांनी चढतो. मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. म्हातारीला वाटलं मला ऊन लागलं, तिनं पाणी दिलं.

बरोबर आणलेली लस त्या वाडीतच संपली होती. मी होडीनं अलीकडं आलो आणि पौड गाठून साहेबांकडं गेलो. त्यांना म्हटलं, वरच्या धनगरवाड्यासाठी नळ्या पाहिजेत. साहेबांनी वही काढली. ते वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला आले होते आणि दम्यानं हैराण होते. म्हणाले, तिथं तर अकराच्या अकरा धरल्यात, तुझंच अक्षर आहे, लस इथं काठावर कमी पडतेय. मी म्हटलं, मी आठव्या दिवशी वर गेलो नव्हतो. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "हे मी ऐकलेलं नाही. नळ्या घे आणि जा. कागद आहे तसा राहू दे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच होडीत बसलो आणि नऊच्या सुमारास वाड्यावर पोचलो. कोंडिबाच्या खोपीच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा खोचलेला होता, देवी आलेल्या घराची खूण. मला पुढं विचारावं लागलं नाही.

आत अंधार होता. ठकी कांबळ्यावर पडलेली. तोंडावर, हातांवर फोड भरून आले होते, डोळे सुजून मिटले होते. रखमा तिच्या उशाशी बसून लिंबाच्या पाल्यानं वारा घालत होती. देवी आलेल्या माणसाच्या अंगात देवी असते असं मानतात, म्हणून घरातलं कुणी त्याला अरेतुरे करत नाही. रखमा स्वतःच्या पाच वर्षांच्या पोरीला अहोजाहो करत होती. "आई, पानी घ्या. वाईच घ्या," म्हणत ओठांवर थेंब सोडत होती. मी पुष्कळ साथी पाहिल्या, मेलेली माणसं पाहिली. पण ते ऐकून मी खोपीच्या बाहेर आलो.

कोंडिबा आला. तो माझ्याकडं रागानं बघत नव्हता. नुसता बघत होता. म्हणाला, टोचूनबी आली, म्हंजे तिची मर्जी. त्याला वाटत होतं की देवी माझ्या फिरकीपेक्षा मोठी ठरली. मी गप्प राहिलो असतो तर तो जन्मभर तसंच समजला असता. आत्ता लिहितानाही मला ती जागा आठवते. करवंदीची जाळी होती आणि तिच्यापलीकडं खाली तलाव दिसत होता.

मी त्याला सगळं सांगितलं. लस उन्हानं मेली असावी असं मला तेव्हाच वाटलं होतं, तरी मी टोचलं. आठव्या दिवशी यायला पाहिजे होतं, आलो नाही. वहीत खोटं लिहिलं. वाड्यावरच्या एकाही पोराला खरं टोचलेलं नाही.

तो खाली बसला, हातातली काठी आडवी मांडीवर ठेवली. इतका वेळ गेला की मला वाटलं, आता हा उठून मला मारेल, आणि मारलं तर बरं होईल. शेवटी त्यानं विचारलं, "बाकीच्या धा जनास्नी आज टोचलं तर वाचत्याल?"

मी म्हटलं, लागण होऊन दोन-तीन दिवसच झाले असतील तर वाचतील. आज टोचलं पाहिजे.

"मंग ह्ये आता मला बोललासा, ते दुसऱ्या कुनाला बोलू नगा. बायास्नी कळलं तर पुन्यांदा येकबी पोर देनार न्हाईत."

मी म्हटलं, मग त्यांना काय सांगायचं? तो उठून उभा राहिला. "ते माजं मी बगतो."

त्यानं वाड्याच्या मधोमध उभं राहून बायांना बोलावलं. म्हणाला, ही लस दोन वेळा टोचायची असते, एकदा चैतात आणि एकदा जेठात. डॉक्टर दुसऱ्या वेळेसाठी आलेत. दुसरी वेळ व्हायच्या आधीच ठकी साथीच्या गावी पाहुणी गेली, म्हणून तिला आली. ज्यांना पोरं हवी असतील त्यांनी आणा.

त्याची नात आत तशी पडलेली आणि हा माणूस माझ्यासाठी, म्हणजे खरं तर त्या दहा पोरांसाठी, खोटं बोलत उभा होता. रखमा दारात आली होती. तिनं ते ऐकलं. दुसऱ्या वेळेआधी पोरीला घेऊन माहेरी आपणच गेलो, म्हणून तिला आली, असंच तिला वाटलं असणार. तिच्या तोंडाकडं बघायचं मी टाळलं. त्या क्षणी मी एक शब्द बोललो असतो तर तिच्या डोक्यावरचा तो भार उतरला असता. पण बाया पोरं घेऊन पुढं येऊ लागल्या होत्या. मी दिवा पेटवला आणि फिरकी तापवली.

दहा पोरं टोचली. मग मोठी माणसंही टोचली. यावेळी मी खाली उतरलो नाही. शेरडांच्या गोठ्याच्या कडेला एक जागा होती, तिथं आठ दिवस राहिलो. रोज सकाळी दंड बघायचो. पाचव्या दिवशी पहिला फोड वर आला, आठव्यापर्यंत दहाही दंडांवर टपोरे फोड. पुढंही दहापैकी एकालाही देवी आल्या नाहीत. माझ्या सगळ्या नोकरीतलं हे सगळ्यात चोख काम. त्याचा अभिमान धरावा तर कसा धरावा, हे मला आजवर कळलेलं नाही.

बाकी वेळ मी ठकीपाशी असायचो. करण्यासारखं फारसं नव्हतं. उकळून निववलेल्या पाण्यात मीठ घालून दर तासाला तिचे डोळे धुवायचे, एवढंच मला माहीत होतं, तेवढं केलं. सातव्या दिवशी तिनं डावा डोळा उघडला आणि पाणी मागितलं. उजव्या डोळ्यावर पांढरं फूल पडलं होतं. तो डोळा गेला. रखमानं पोरीला पुन्हा "अगं ठके" म्हणून हाक मारली तेव्हा मी समजलो की धोका टळला.

निघताना कोंडिबा मला होडीपर्यंत पोचवायला आला. होडीत बसताना मी म्हटलं, कोंडिबा, मी रखमाला खरं सांगायला हवं होतं. तो म्हणाला, मी सांगेन, वेळ आली की. मग म्हणाला, "तुमी आलासा परत. न येता बी चाललं असतं तुमचं." ते दोष देणं होतं की दुसरं काही, मला समजलं नाही. होडी सुटली.

साहेब पावसाळ्यानंतर निवृत्त झाले. वहीतल्या अकरा नोंदी तशाच राहिल्या. सरकारच्या लेखी ठकीला लस धरली होती.

पुढं मी पंधरा वर्षं त्याच भागात राहिलो. बदली मागायची वेळ अनेकदा आली, मागितली नाही. गुडघे गेले. मधे कोरडी लस आली, तिला बर्फ लागत नव्हता आणि उन्हानं ती मरत नव्हती. पहिल्यांदा ती कुपी हातात घेतली तेव्हा सहकाऱ्यांनी पेढे वाटले. मी तो पेढा खिशात घातला आणि विसरलो. एवढीशी गोष्ट काही वर्षं आधी यायला काय हरकत होती, असं कुणाला तरी विचारावंसं वाटत होतं, पण विचारणार कुणाला?

कोंडिबाच्या वाड्यावर दरवर्षी जायचो. रखमा ताक द्यायची, नीट बोलायची. कोंडिबानं तिला सांगितलं की नाही हे मी कधी विचारलं नाही. ठकी जनावरांमागं असायची, लांबूनच दिसायची. मग एका पावसाळ्यात कोंडिबा गेला. त्यानंतर काही वर्षांनी ठकीचं लग्न झाल्याचं कुणीतरी सांगितलं, भांबुर्ड्याच्या बाजूला कुठंतरी दिली होती. मी मनात म्हटलं, झालं एकदाचं.

साठचं दशक संपत आलं असावं. पौडाला बाजाराचा दिवस. दवाखान्याच्या ओट्यावर मी टोचत बसलो होतो. रांगेत एक बाई लुगड्याचा पदर पुढं ओढून उभी होती, कडेवर पाच-सहा महिन्यांचं मूल. तिची पाळी आली तेव्हा पदर सरकला. तोंडभर वण, आणि उजवा डोळा पांढरा. तिनं मला ओळखलं नव्हतं. मूल मांडीवर घेऊन तिनं त्याचा दंड असा घट्ट धरला की मला दुसऱ्या हाताची गरज पडली नाही. मी टोचलं. मुलानं भोकाड पसरलं. तिनं जागा पुसली नाही, फुंकर घालत बसली.

मी विचारलं, तू कोंडिबाची नात का? ती चपापली. मग म्हणाली, व्हय, तुमाला कसं ठावं? मी म्हटलं, मी तुमच्या वाड्यावर यायचो. तू आजारी होतीस तेव्हाही होतो. काही आठवतं का?

"न्हाई वो. म्या लई बारकी हुती." मग मुलाला छातीशी धरून ती जरा हसली. "पर आज्जा लई सांगायचा. येक डागदर हुता म्हनायचा, समदं सोडून परत आला, आठ दिस हितं राह्यला, माजं डोळं धूत बसला. त्यो नसता तर दुसराबी डोळा गेला असता, म्हनायचा. त्ये तुमीच व्हय?"

मी मान हलवली. मागं रांग होती. कुणीतरी आवरा म्हणून ओरडत होतं. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला, मुलाचाही हात लावला, आणि बाजाराच्या गर्दीत निघून गेली.

कोंडिबानं अर्धीच गोष्ट सांगितली होती. राहिलेली अर्धी त्यानं मी सांगावी म्हणून माझ्यावर सोडली होती, की स्वतःपाशीच ठेवून घेतली होती, ते आता विचारता येत नाही. ठकी कुठं असेल, असेल की नसेल, मला माहीत नाही. तिला वाचता येत नव्हतं. तिच्या मुलाला येत असेल. त्या दिवशी ओट्यावर मला तोंड उघडता आलं नाही, म्हणून आज हे इथं लिहिलं.